ट्रेमधलं पहिलं घर

१

सोमवारी सरुबाईच्या डाळिंबात बंदीचं औषध सापडलं. मंगळवारी तेच डाळिंब धुतल्या तांदळासारखं निघालं. आणि बुधवारी सकाळी, पहिला चहा व्हायच्या आत, प्रयोगशाळेतल्या प्रतिक्षावर आळ येऊन बसला.

रोहिणीला फोन आला तेव्हा ती बारामतीत भिगवण चौकाजवळच्या आपल्या छोट्या ऑफिसात होती. तिचा धंदा चारचौघांत समजावून सांगणं म्हणजे डोक्याला ताप. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपल्याला जो प्रोग्राम दिसतो तो एका भाषेत लिहिलेला असतो, आणि आतून मशीन चालवणारा भाग कंपनीनं भलत्याच भाषेत लिहिलेला असतो. दोघांना एकमेकांचं ओ की ठो कळत नाही. रोहिणी मधे बसून त्यांचं जुळवून देते. "मी सोयरिकी जमवते," एवढंच ती सांगायची, आणि मग पुढं कुणी विचारत नसे.

लासुर्ण्याच्या फळ उत्पादक संघाची सोयरीक तिनंच जमवली होती, अकरा वर्षांपूर्वी, धंद्यातली पहिलीवहिली. मशीन कंपनीचा भाग सी प्लस प्लस या भाषेतला, आणि पडद्यावरचा प्रोग्राम तिनं लिहिलेला, व्हीबी नावाच्या जुन्या भाषेतला. परदेशी जाणाऱ्या डाळिंबाचा रस काढायचा, कुपीत भरायचा, कुप्या वीस घरांच्या ट्रेमध्ये ओळीनं लावायच्या. मशीन एकेक कुपी तपासतं आणि पडद्यावर ज्याच्या त्याच्या नावापुढं निकाल उमटतो. अकरा वर्षांत एक तक्रार नव्हती. रोहिणीला त्याचा अभिमान होता, जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ती पोचली तेव्हा संघाचे अध्यक्ष रतनआबा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते.

"ये पोरी. शुक्रवारी कंटेनर जायचाय. सरुबाईचा माल धरायचा का न्हाय, ते कळना. वगळला तर तिची बाग दोन वर्सं यादीतनं बाद. एकटी बाई, सगळा हस्त बहार वाया जायचा."

"दुसऱ्या तपासणीत माल चांगला निघाला ना?"

"तितंच तर गोम हाय." रतनआबांनी आवाज उतरवला. "प्रतिक्षा निरवांगीची, सरुबाई बी निरवांगीचीच. पोरगी तिला मावशी म्हनती. अविराजसाहेब म्हनत्यात, दुसऱ्या तपासणीला पोरीनं कुपी बदलली."

अविराज प्रयोगशाळेचा प्रमुख. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. तो दारातच उभा होता.

"मला वाईट वाटतं मॅडम," तो म्हणाला. "पण एकाच झाडाचं फळ काल विषारी आणि आज निर्दोष कसं असेल? एक तर मुलीनं हात मारला, नाहीतर तुमचा प्रोग्राम खोटं बोलतोय."

"माझा प्रोग्राम खोटं बोलत नाही," रोहिणी ताडकन म्हणाली.

अविराज हसला. "मग राहिली प्रतिक्षा. शुक्रवारी दुपारी आबा पोलिसांत अर्ज देतील."

आणि रोहिणीच्या लक्षात आलं, की आपल्या एका वाक्यानं त्या पोरीच्या गळ्याभोवतीचा फास आपणच आवळला आहे.

२

प्रतिक्षा मागच्या खोलीत रिकाम्या कुप्या पुसत बसली होती. कालपासून तिला मशीनला हात लावायची बंदी होती. टेबलावर तिचा फोन थरथरला. तिनं नाव बघितलं आणि तो पालथा घातला.

"कोण?"

"आबा. माझं वडील. मेंढरं घेऊन कोकणात हायत. दर वाड्यावर सांगत फिरत्यात, माझी लेक मोठ्या लॅबात हाय म्हनून." तिनं मनगटानं डोळे पुसले. "दोन दिस उचलला न्हाय मी फोन. काय सांगू, लेक चोर निघाली?"

रोहिणीला पोरीची दया आली. पण दया आली म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही. तिनं वही उघडली.

"सोमवारचं सांग. अगदी पहिल्यापासून."

"नऊ कुप्या व्हत्या. शेतकरी येतील तसा सर रजिस्टरात नंबर लावत्यात, मी त्याच नंबरानं ट्रे भरते. एक नंबर पहिल्या घरात, दोन नंबर दुसऱ्या घरात, मशीनच्या पुस्तकात सांगितलंय तसं. सरुमावशी सात नंबरला. आठला युवराजदादा, सरांचं मेव्हणं. तितंच यादी संपली व्हती. सर बारामतीला मीटिंगला गेलं, आन तीनच्या सुमारास रावजीकाका माल घेऊन आलं. मग त्यांचा नऊ नंबर मीच लिवला."

"आणि मंगळवारी?"

"प्रत्येक मालाच्या तीन कुप्या असत्यात. एक मशीनला, दोन सीलबंद, फ्रीजात. मावशीची सीलबंद फोडली, एकटीच ट्रेत लावली. सील सरांनी सोताच्या हातानं फोडलं. मी कवा बदलणार, ताई?"

"तुला इथलं काम शिकवलं कुणी?"

"बिरूतात्यांनी. लई वर्सं तेच ट्रे भरायचं. दिवाळीला रिटायर झालं. मला दोनच दिस मिळालं त्यांच्या हाताखाली, बाकी पुस्तकावरनं शिकले."

फाटकाशी सरुबाई उभी होती. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फवारणीची वही. बोलायच्या आधीच तिनं वही पुढं केली.

"वाच बाई. दर फवारा लिवलाय. बारा दिसापूर्वी बुरशीचं औषध मारलं, तुमच्या यादीतलं, परवानगीचं. त्या बंदीच्या औषधाचं मी डब्बं सुदिक बगितलं न्हाय. देवाशपथ."

देवाच्या शपथेवर रोहिणीचा फारसा विश्वास नव्हता. कोर्टात रोज शेकड्यानं घेतात. पण वहीतली ती ओळ वाचली आणि तिचं बोट तिथंच थांबलं. बारा दिवसांपूर्वी मारलेलं बुरशीनाशक. परवानगीचं असलं तरी औषधच ते. मशीनला त्याचा पुसटसा का होईना, माग लागायलाच हवा.

ती तशीच आत गेली आणि मंगळवारचा रिपोर्ट काढला. बंदीचं औषध: शून्य. बुरशीनाशक: शून्य. खाली चाळीस औषधांची यादी होती, आणि चाळीसच्या चाळीस ठिकाणी शून्य.

ते सरुबाईचं डाळिंब नव्हतं. ते कुठल्याच शेतातलं डाळिंब नव्हतं.

३

"म्हणजे मी म्हणतो तेच," अविराज म्हणाला. "कुपीत रस नव्हताच. मुलीनं साधं पाणी भरलं."

बोलणं सरळ होतं, पटण्यासारखंही होतं. रोहिणीनं मान डोलावली आणि मनात मात्र गाठ मारून ठेवली. चाळीस शून्यं ऐकून माणूस आधी कागद मागतो, एकदा स्वतः बघतो. यानं कागदाकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"सील तुम्हीच फोडलंत ना?"

"हो. पण नंतर फोन आला, मी बाहेर गेलो. पाच मिनिटं पुरतात."

"आणि ती कुपी?"

"धुवायला गेली असेल. तेही काम तिच्याकडंच."

रोहिणीला प्रतिक्षाचाही संशय यायला लागला होता, हे कबूल करायला हवं. पोरगी रडत होती खरी, पण रडणाऱ्यांनी काय कमी चोऱ्या केल्यात? आणि प्रोग्राम खोटा नाही, तर माणूस खोटा. दोन्हीपैकी एक निवडायचं, तर रोहिणीला आपला प्रोग्राम जवळचा होता. तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

तिनं वर्षभराचे रिपोर्ट आणि रजिस्टर मागवलं आणि खिडकीशी मांडी ठोकून बसली. सोमवारचा रिपोर्ट पहिला. सरुबाई, सात नंबर, बंदीचं औषध. युवराज, आठ नंबर, स्वच्छ. रावजी, नऊ नंबर, आणि त्याच्यापुढं चाळीस शून्यं.

रोहिणी सावरून बसली. रावजीच्या कुपीत पाणी भरायचं कुणाला काहीच कारण नव्हतं.

तिनं त्याआधीचा ट्रे काढला. त्यातल्या शेवटच्या शेतकऱ्यापुढं चाळीस शून्यं. त्याआधीचा, पुन्हा तेच. दिवाळीपासून चौदा ट्रे झाले होते, आणि चौदाही वेळा शेवटचा माणूस साधुसंत निघाला होता. दिवाळीच्या आधीचे रिपोर्ट बघितले तर शेवटचाही इतरांसारखाच, थोडं हे, थोडं ते. बाकीचा माल बहुतेक चांगलाच असल्यामुळं कुणाच्या डोळ्यांवर काही आलं नव्हतं. आला रिपोर्ट, बघितलं 'पास', लावला फायलीला.

मग तिनं रजिस्टर उघडलं. जानेवारीपासून युवराजचा माल पाच वेळा आला होता. चार वेळा त्याचा नंबर अगदी शेवटचा, अविराजच्या टपोऱ्या अक्षरात. पाचव्या वेळेला, परवाच्या सोमवारी, त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ती वेगळ्या, बारीक अक्षरात होती: नऊ, रावजी.

दिवाळीत प्रोग्राम बदलला नव्हता, मशीनही बदललं नव्हतं. बदललं होतं फक्त एक माणूस.

४

बिरूतात्या आता लेकीकडं, कोऱ्हाळे बुद्रुकला राहायला होते. रोहिणी पोचली तेव्हा टळटळीत दुपार होती आणि तात्या लिंबाच्या सावलीला बाजेवर बसून नातीला कणीस सोलून देत होते.

"मशीनची बाई!" तात्यांनी ओळखलं. "कोन बिघाडलं? मशीन का मानूस?"

"तेच शोधतेय तात्या. तुम्ही ट्रे कसा भरायचात, तेवढं सांगा. जसाच्या तसा."

तात्यांनी कणीस बाजूला ठेवलं, हात लुंगीला पुसले आणि समोर ट्रे असावा तशी बोटं हवेत चालवली. "पयलं घर देवाचं. तितं निवळ पान्याची कुपी. मग दुसऱ्या घरापासनं मानसं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर."

"पहिल्या घरात पाणी? रोज?"

"येक दिस चुकलो न्हाय. अगं, खळ्यावर धान्य मापताना पयल्या मापाला कुनी एक म्हनतं का? लाभ म्हनायचं. लाभ, दोन, तीन. पयलं त्याचं, मागनं आपलं. मशीन झालं म्हनून रीत सोडायची व्हय?"

"आणि त्या पाण्याचा रिपोर्ट?"

"कदी आला न्हाय." तात्या मिस्कील हसले. "आन आमी कदी मागिटला बी न्हाय. देवाचा रिपोर्ट कोन मागतंय?"

"प्रतिक्षाला हे सांगितलं होतं?"

"सांगितलं की. पर साहेबांनी बगितलं, आन म्हनले हितं देवदेव नगं, पुस्तकात हाय तसं चालू द्या. मी मानूस जानार, काय बोलनार?"

किल्ली न लावताच रोहिणीनं गाडीत वही उघडली आणि दोन्ही भाषांतली मोजणी शेजारी शेजारी मांडली. कंपनीच्या भाषेत यादी शून्यापासून मोजतात; पहिल्या घराचा निकाल शून्य नंबरला. तिच्या भाषेत ती एकापासून वाचत होती. म्हणजे पहिल्या घराचा निकाल तिनं कधी उचललाच नव्हता. 'एक नंबर'च्या माणसाला ती दुसऱ्या घराचा निकाल देत होती. आणि पहिल्याच दिवसापासून बिरूतात्या पहिल्या घरात देव बसवत असल्यामुळं, अकरा वर्षं ते सगळं बिनबोभाट बरोबर येत होतं. देव उठला आणि प्रत्येकाच्या नावावर त्याच्या शेजाऱ्याचं पाप चढायला लागलं.

जिला ती अकरा वर्षं नावाजत आली, ती सोयरीक मुळातच चुकलेली होती. चोर शोधायला ती निघाली आणि पहिली पायवाट थेट स्वतःच्या दाराशी आली. तिला रडू फुटलं. प्रतिक्षाच्या आठवणीनं ते आणखीच वाढलं.

मग तिनं डोळे पुसले. चूक आपली, ठीक आहे. पण चूक दिसल्यावर तिच्या आडोशाला जाऊन बसलेला माणूस कोण? ते अजून सिद्ध व्हायचं होतं, आणि उद्या शुक्रवार होता.

५

शुक्रवारी सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेत पाच जण होते: रतनआबा, अविराज, सरुबाई, प्रतिक्षा आणि रोहिणी. टेबलावर नऊ सीलबंद कुप्या होत्या, प्रत्येक मालाची एकेक; सरुबाईची तेवढी शेवटची उरलेली.

"सगळ्यांची नव्यानं तपासणी करू," रोहिणी म्हणाली. "सगळ्यांदेखत. कुपीला हात प्रतिक्षा लावणार नाही, मीही लावणार नाही. अविराजसाहेब, तुम्हीच ट्रे भरा. क्रम तुमच्या मनानं, नंबराप्रमाणंच लावा असं काही नाही. फक्त ज्या क्रमानं लावाल, त्याच क्रमानं नावं टाइप करा."

"उत्तम," अविराज म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला होता.

"एकच विनंती. पहिल्या घरात ही पाण्याची कुपी राहू द्या. बिरूतात्यांना शब्द दिलाय."

अविराजनं हसून मान हलवली. "ठेवा हो. देवाला कोण नाही म्हणतंय?"

त्यानं सील फोडली, एकेक कुपी लावली. सरुबाईची तिसरी लागली. रावजीची पाचवी. युवराजची कुपी सगळ्यांत आधी त्याच्या हाताला लागली होती. त्यानं ती उचलली, बाजूला ठेवली, आणि बाकी आठ लागल्यावर सगळ्यांच्या शेवटी लावली. रोहिणीनं रजिस्टर आपल्याजवळ ओढून घेतलं.

मशीन घरघरत राहिलं. सरुबाईनं फवारणीची वही छातीशी धरली होती. प्रतिक्षा भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या हातातला फोन एकदा वाजून गप्प झाला.

पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. एक, स्वच्छ. दोन, स्वच्छ. तीन, सरुबाई: बुरशीनाशकाचा बारीकसा माग, मर्यादेच्या आत, बंदीचं औषध नाही.

"वहीत लिवलंय तेच," सरुबाई पुटपुटली.

चार, पाच, सहा, सात, आठ. आणि नऊ. युवराजच्या नावापुढं लाल ओळ लागली. सोमवारी सरुबाईच्या नावापुढं होतं तेच औषध आणि जवळपास तोच आकडा.

"हे कसं शक्य आहे?" अविराज ओरडलाच. "शेवटचं तर..."

तो थांबला. पण उशीर झाला होता.

"बोला ना," रोहिणी शांतपणे म्हणाली. "शेवटचं तर काय? शेवटच्या घराचं कधीच काही सापडत नाही, असंच ना?"

६

तिनं आधी स्वतःचा गुन्हा सांगितला. ते तिला सगळ्यात अवघड गेलं. शून्य आणि एकची गोष्ट, बिरूतात्यांचं पाणी, दिवाळीनंतर सरकत गेलेले निकाल. शेवटच्या माणसाला पुढच्या रिकाम्या घराचा निकाल मिळत होता, म्हणून चाळीस शून्यं. मंगळवारी सरुबाईची कुपी ट्रेत एकटीच होती, म्हणजे तीच शेवटची. म्हणून तेव्हाही चाळीस शून्यं. कुपी कुणीच बदलली नव्हती.

"चूक माझी, आबा. ती मी लिहून देते. दिवाळीपासूनचे सगळे ट्रे पदरमोड करून पुन्हा तपासून देते." मग ती अविराजकडं वळली. "पण यांना ही चूक जानेवारीपासून माहीत होती. का होते, ते नाही. काय होतं, तेवढंच. शेवटचा नेहमी सुटतो. मला कळवायचं सोडून यांनी मेव्हण्याला शेवटी बसवायला सुरुवात केली. पहिल्या चार वेळा त्याच्या आधीच्या माणसाचा निकाल चांगला आला, म्हणजे तेव्हा युवराजच्या मालात विष नव्हतं. सोमवारी हे बारामतीला गेले असताना रावजीकाका येऊन मागं बसले, तरी युवराज सुटला, कारण त्याला त्यांचा निकाल मिळाला. पण या वेळी मालात विष होतं, आणि ते त्याच्या आधीच्या नंबरावर, सरुमावशीच्या माथी बसलं."

मग तिनं त्याला सरळ विचारलं, "आज क्रम तुमच्या मनानं लावा म्हणाले मी. नऊ कुप्यांतली मेव्हण्याचीच पहिली हाताला लागली, आणि तीच शेवटी का लावलीत साहेब?"

अविराज खुर्चीत बसला. इस्त्रीचा शर्ट अचानक मोठा दिसायला लागला. "बहीण दिलीय तिथं," तो खाली बघत म्हणाला. "कीड आवरेना, तो ते औषध मारेल ही धास्ती जानेवारीपासूनच होती, आणि शेवटी त्यानं मारलंच. बाग बाद झाली असती तर सगळा राग तिच्यावर निघाला असता. मी कुणाचं वाईट करायला गेलो नव्हतो."

मग इतका वेळ भिंतीला टेकलेली प्रतिक्षा पुढं आली.

"सर, मंगळवारी सील तुमीच फोडलं. माझ्या म्होरं. मी कुपी बदलली न्हाय, हे हितं एकट्या तुमालाच म्हाईत व्हतं."

रतनआबांनी खिशातून घडी घातलेला पोलिसांचा अर्ज काढला, प्रतिक्षाचं नाव होतं तिथून टराटरा फाडला आणि नवा कागद मागवला.

"युवराजची बाग बाद. सरुबाई, तुजी गाडी बोलाव, माल भर. आन तू गं पोरी..." म्हातारा अडखळला. "म्हाताऱ्या मानसाला माफ कर."

शनिवारी सकाळी रोहिणी परत आली. प्रोग्राममधली एकच ओळ बदलायची होती. अकरा वर्षांची चूक दुरुस्त व्हायला अकरा मिनिटंही लागली नाहीत. आता पहिल्या घराचा निकालही पडद्यावर येणार होता. मग पाणी ठेवायचं की काढायचं, असं प्रतिक्षानं विचारलं.

"ठेव," रोहिणी म्हणाली. "वर 'लाभ' म्हणून वेगळी ओळ केलीय. तिथं कधी काही सापडलं, तर समजायचं आपलं काहीतरी चुकतंय."

प्रतिक्षानं निवळ पाण्याची कुपी घेतली. एवढ्यात तिचा फोन थरथरला. तिनं नाव बघितलं, या वेळी पालथा घातला नाही, उचलला. पलीकडून आधी मेंढरांचा कालवा ऐकू आला, मग एक दमलेला, काळजीनं चिडलेला आवाज.

"अगं, चार दिस झालं! काय चाललंय काय लॅबात?"

प्रतिक्षानं कुपी पहिल्या घरात हलकेच बसवली.

"ट्रे भरतेय, आबा," ती म्हणाली. "आत्ताच लाभ लावला."